मुकुम्बीच्या राखणदाराला हात का लावत नाहीत

आफ्रिकेत, काँगोमधल्या सोंग्ये लोकांच्या मुलखात मुकुम्बी नावाचं गाव आहे. गावाच्या मधोमध गवताने शाकारलेल्या खोपटात गावचा राखणदार उभा असतो. लाकडाची मूर्ती, माणसाच्या कमरेएवढी. डोक्यावर शिंग, चेहऱ्यावर तांब्याच्या पट्ट्या, दोन्ही पंजे पोटावर. एखादा पाहुणा कौतुकाने पुढे झाला की म्हातारे यान्काम्बा काठी आडवी धरतात. "डोळे भरून पाहा. हात मात्र नको." मूर्ती हलवायची ती तिच्या काखेत बांधलेल्या लांब दांड्यांनीच. याचं कारण यान्काम्बा सांगतात ते असं.

फार पूर्वी गावात देवीची साथ आली. मोठी माणसं कशीबशी उठली, लेकरं उठली नाहीत. मूर्ती कोरणाऱ्या किसिम्बाची बायको मुलेका. तिचा मुलगा नुकता पाऊल टाकायला लागला होता. तोही गेला. मुलेका रडली नाही म्हणे. त्याला न्हाऊ घालायचं मडकं पालथं घातलं आणि त्याच्याशेजारी नुसती बसून राहिली.

साथ हटेना, तेव्हा वृद्ध वैदू कालेंगा किसिम्बाकडे आला. "गावाला राखणदार हवा. लाकूड तू कोर, बळ मी भरतो."

किसिम्बा रानात जाऊन राहिला. मूर्ती पुरी झाल्यावर कालेंगाने तिच्या पोटात आणि शिंगात बिबट्याचं नख, झाडपाला, वीज पडलेल्या झाडाचा कोळसा भरला. मग ती झावळ्यांत गुंडाळून चौकात आणली आणि शेवटचा मंत्र म्हणून झावळ्या सोडल्या.

लोक मागे सरले. रुंद तोंड, लांब दाढी, भेदक नजर. साथीनेही घाबरावं असं रूप. मुलेकाला मात्र दिसलं ते कपाळ. डाव्या बाजूला किंचित वर आलेलं, तिच्या लेकाचं होतं तसंच. तिचा लेक मोठा झाला असता, तर असाच दिसला असता. ती दोन्ही हात पसरून पुढे निघाली.

"थांब पोरी!" कालेंगा ओरडला. "बळ अजून मुरलं नाही. पहिला हात ज्याचा लागेल, त्याच्याकडे ते सगळं जाईल. गाव उघडं पडेल."

"पडू दे. माझं झाकलेलं काय राहिलंय?"

तेवढ्यात मागे, शेजारणीच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर कण्हलं. तो आवाज मुलेकाच्या ओळखीचा होता. कितीतरी रात्री तिने तो आपल्या लेकाच्या तोंडून ऐकला होता. ती वळून त्या पोराकडे बघत राहिली. हात कधी खाली आले, तिचं तिलाही कळलं नाही.

मग तिने नवऱ्याला विचारलं, "हे कपाळ मुद्दाम असं कोरलंत?"

"नाही गं. हात आपोआप तिकडेच जात होता."

"मग आता तुम्हीही त्याला शिवायचं नाही. कालेंगाबाबा, तुम्हीसुद्धा नाही. मी त्याची आई. मी लावत नाही, तर हात कुणीच लावायचा नाही."

"अगं, पण साथ घालवायला त्याला घरोघर फिरवावं लागेल. हात न लावता न्यायचा कसा?" कालेंगाने विचारलं.

मुलेका घरी गेली आणि स्वतःच्या छपराचे दोन लांब वासे उपसून घेऊन आली. अर्धं छप्पर खाली बसलं. किसिम्बाने मूर्तीला हात न लावता, वेलीचे फास टाकून वासे बांधले आणि राखणदार दारोदार निघाला. त्यानंतर साथ ओसरली, असं सांगतात. ती तशीही ओसरायलाच आली होती, असं म्हणणारेही आहेत. यान्काम्बा त्यांच्याशी वाद घालत नाहीत. मुलेकाचं घर गावाने पावसाच्या आत शाकारून दिलं, एवढं मात्र ते ठासून सांगतात.

आजही राखणदार फेरीला निघाला की ज्या घरातलं लेकरू गेलं असेल, त्या दारी भोई थांबतात आणि तोंड फिरवून उभे राहतात. त्या घरातली आई दांडीभर अंतरावरून मूर्तीशी बोलते. किती वेळ, ते तिचं तिने ठरवायचं. बोलता बोलता एखादीचा हात पुढे जातो. तेव्हा शेजारी उभी असलेली बाई तो हळूच आपल्या हातात घेते.