जमिनीवर पडलेली भाकर

एकदा एका जर्मन डोंगरगावात देव तोच राहिला, पण त्याच्यापर्यंत जाण्याची रीत बदलली. हे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे. त्या काळी युरोपात गावेच्या गावे जुना पंथ सोडून नवा स्वीकारत होती. कुठे मूर्ती फुटल्या, कुठे डोकी. या गावात तसे काही झाले नाही, कारण तिथला धर्मगुरू वृद्ध आणि शहाणा होता. त्याने स्वतःच वाचून, विचार करून नवे मत पत्करले आणि गाव त्याच्यामागून गेले. म्हणजे, गेले असे सर्वांना वाटले.

त्या गुरूकडे योर्ग नावाचा एक शिष्य होता. विद्यापीठातून नुकताच आलेला, बुद्धीने तल्लख आणि थोडा उतावळा. अशा माणसांना सत्य सापडले की ते लगेच वाटून टाकायचे असते, समोरच्याची ओंजळ तयार आहे की नाही हे पाहायला त्यांना सवड नसते.

नव्या रीतीत एक मोठा बदल होता. प्रभुभोजनाच्या वेळी वेदीवरून जी पवित्र भाकर मिळे, प्रभूचे शरीरच मानलेली एक पातळ पांढरी चकती, ती पूर्वी धर्मगुरू भक्ताच्या जिभेवर ठेवत असे. सामान्य माणसाने तिला बोटही लावायचे नाही. आपल्याकडे सोवळ्यातल्या देवाला पारोशाने शिवू नये म्हणत, तसाच हा कडक दंडक. आता मात्र प्रत्येकाने ती आपल्या हातात घ्यायची होती.

पहिला रविवार उजाडला. देऊळ भरले. लोक एकेक करून पुढे येत, हात पसरत, लगबगीने मागे फिरत. मग वाल्बुर्गा आली. ही गावातली वृद्ध विधवा, सूत कातून पोट भरणारी. गुरूने तिच्या तळव्यावर भाकर ठेवली आणि तिचे हात असे थरथरू लागले की भाकर निसटून फरशीवर पडली.

कोणी वाकेना. वाल्बुर्गा पांढरीफटक पडली.

योर्ग पुढे झाला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजी, घाबरता कशाला? उचला की! तुमच्या हाताने देव बाटत नाही."

बोलणे चुकीचे नव्हते. पण मागच्या बाकांवर कोणीतरी हसले.

"माझ्या हातून घात झाला, फादर," वाल्बुर्गा गुरूकडे पाहत पुटपुटली. "आता मी या दारात पाऊल ठेवायच्या लायकीची नाही राहिले." आणि ती जाण्यासाठी वळली.

"वाल्बुर्गा, थांब," गुरू म्हणाला.

मग त्याने जे केले ते योर्गच्या कल्पनेतही नव्हते. म्हातारा गुडघ्यांवर बसला. त्याने वाकून ती भाकर ओठांनी उचलली आणि खाल्ली. पाणी मागवून फरशी धुतली. मग चाकूने ती जागा हळूहळू खरवडली, निघालेली भुकटी कापडात बांधली आणि ती पुरचुंडी वेदीपाशी नेऊन ठेवली. जुन्या पंथाचा जुना विधी, एकही पायरी न गाळता! हाच माणूस गेले वर्षभर सांगत होता की या विधींची देवाला गरज नाही.

"झालं, बाई," तो उठत म्हणाला. "मिटलं सगळं."

वाल्बुर्गाने डोळे पुसले आणि ती आपल्या बाकावर जाऊन बसली.

प्रार्थना संपल्यावर योर्गचा संयम सुटला. "फादर, वर्षभराच्या शिकवणीवर तुम्ही आज पाणी ओतलंत! लोक म्हणतील, जुनंच खरं होतं."

"म्हणू देत. पुढच्या रविवारी मी समजावून सांगेन. पण ती पुढच्या रविवारी आली, तरच तिला सांगता येईल ना?" गुरू बाकावर टेकला. "योर्ग, तिचा नवरा मरणपंथाला होता, तेव्हा माझ्याच हातून भाकर अंथरुणावर पडली होती. तिच्या अगदी हाताशी. तिने चटकन हात मागे घेतला आणि मी तिला शाबासकी दिली. तिच्यातली ही भीती माझ्या हातची आहे. तेव्हा मला जे ठाऊक होतं, ते मी मनापासून शिकवलं. नवं मत पटायला मला काही वर्षं लागली, तीही हाताशी पुस्तकं असताना. आणि तिला आपण किती वेळ दिला? रांगेत तिची पाळी येईपर्यंत!"

योर्ग त्याच्या शेजारी बाकावर बसला.

"तू खरं तेच बोललास. पण ते ऐकून ती भर देवळात एकटी पडली. अपराध धुतला गेला, हे तिला कळेल अशी एकच भाषा मला येत होती. ती मी बोललो."

पुढच्या रविवारी भाकर द्यायची पाळी योर्गची होती. रांगेच्या शेवटी वाल्बुर्गा आली. तिने दोन्ही हात शालीखाली घट्ट दडवले होते. योर्गसमोर येताच तिने डोळे मिटले आणि पूर्वीसारखे तोंड उघडले. सारे देऊळ पाहत होते. गुरू मात्र मान खाली घालून बसला होता.

योर्गने क्षणभर विचार केला आणि भाकर अलगद तिच्या जिभेवर ठेवली.

वाल्बुर्गा त्यानंतर बरीच वर्षे जगली. गुरू गेला, योर्ग त्याच्या जागी आला, जुनी रीत पाहिलेली माणसेही गावात विरळ झाली. तिने हात कधीच पुढे केला नाही आणि योर्गनेही तिला तो कधी पुढे करायला सांगितला नाही.