डाव्या चाकाचा नट

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या गावांत सकाळी ठण्, ठण् असा आवाज यायचा. बाहुल्यांचे खेळ करणारा भिवा निघण्याआधी आपल्या फिरत्या खोलीच्या चाकांचा एकेक नट हातोडीने वाजवून पाहायचा. ही खोली जीपमागे जोडलेली असे आणि आत त्याची बायको तान्ह्या लेकीला घेऊन बसे.

डाव्या चाकातल्या एका नटाला याचा भारी राग. "रोज कसली झडती? मी काय चोर आहे?"

"मला तर थंडीत रोज रात्री रिकामी करतात, पाणी गोठून फुटू नये म्हणून," खोलीखालची पाण्याची नळी म्हणाली. "मी कधी रुसले का?"

"तू नाजूक गं. आपण पोलादी!"

एका कडाक्याच्या रात्री हा पोलादी गडी आखडून सैल झाला. पुढे उताराचा घाट होता. सकाळी हातोडी आली, तर ठण् ऐवजी थप् वाजलं. भिवाचे कान मफलरमध्ये होते, त्याला काही कळलं नाही.

"थंडीनं आवाज बसलाय, आजी," नट घाईघाईनं हातोडीला म्हणाला.

"हो का रे राजा?"

तेवढ्यात आत तान्ही लेक खुदकन हसली. घाटात हिचं काय होईल, या विचारानं नट वरमला. "आजी, मी सैल झालोय. आणखी एकदा वाजव ना, जोरात."

हातोडी भिवाच्या हातून निसटली आणि नटावर आदळली. नट खुळखुळला. भिवानं मफलर सोडला, पाना आणून नट गच्च आवळला.

आजी आता याची कशी फिरकी घेते ते ऐकायला बाकीचे नट कान टवकारून बसले. आजी मात्र सरळ पुढच्या चाकाकडे निघून गेली.