काटेवाली ओळखणारी ठकू

फार वर्षांमागं, मधाच्या कड्यावर जायला पायवाटही नव्हती तेव्हा, आमच्या कातळवाडीत ठकू नावाची बाई राहत होती. तिचा भाऊ भागोजी दोरावरून कड्यात उतरून मध काढायचा. वर दोर धरायचा त्याचा मेहुणा सावळा. बायकोचा भाऊच दोर धरतो, कारण तो बहिणीचं कुंकू हातातून सुटू देत नाही. आणि ठकू कड्याच्या टोकाला पाठीवर पडून वरून उडणारी पाखरं, पाकोळ्या, ऐकायची.

असं म्हणतात, डोळे मिटूनही ती पाकोळी ओळखायची. घरपाकोळ्या किलबिलत, फडफडत गिरक्या घेतात. पांढऱ्या पोटाची मोठी पाकोळी शीळ घुमवत कड्याला चाटून जाते. पण शेपटीला काटे असलेली काटेवाली क्वचितच येते. ती ओरडत नाही. सरळ जाते, आणि धोतर फाडावं तशी हवा फाडते. तिच्या मागून वादळ येतं.

एकदा भागोजी खाली पोळ्यापाशी होता. आभाळ स्वच्छ होतं. ठकू म्हणाली, "काटेवाली गेली. दोर ओढ."

सावळा हसला. "पाखरं सगळी सारखीच, ठकूबाई."

"तुझ्या म्हशीही मला सारख्याच दिसतात. तू चुकतोस का? ओढ."

खालून भागोजी ओरडला, "पोळं हातात आलंय, थांबा की."

"पोळं सोड, भागू."

त्यानं पोळं सोडलं. दोघांनी दोर ओढायला घेतला आणि वारा आला. असं म्हणतात, कड्याच्या धारेवर घासून दोर मधेच तुटला, तरी भागोजी वरच आला. हजारो पाकोळ्यांनी त्याला खालून पंख लावले.

म्हातारपणी ठकू एकदा टोकाला पाठीवर पडायला गेली, ती घरी आलीच नाही. तिथं नुसतं घोंगडं सापडलं. असं म्हणतात, शोधणाऱ्यांच्या डोक्यावरून तेव्हा काहीतरी हवा फाडत सरळ गेलं.

अजूनही कुणी कड्यात उतरायच्या आधी त्याचा धाकटा भाऊ टोकाला पाठीवर पडतो. सगळे गप्प होतात. ऐकू येईल ती पाकोळी तो मोठ्यानं सांगतो, आणि काटेवाली नसली की शेवटी म्हणतो, "ठकूचा शब्द. उतर."

माझा दादा माघात तापानं गेला. यंदा आमचा दोर खुंटीलाच आहे. तरी मी टोकाला जाऊन पडलो. घरपाकोळ्या होत्या. एक मोठी होती. काटेवाली नव्हती. मी मोठ्यानं सांगितलं, ठकूचा शब्द. दादा, उतर.