ठिपकीचं दूध आणि दोन बोके

एक होतं मांजराचं पिल्लू. एवढंसं. ओंजळीत मावेल एवढंसं. अंग सगळं पांढरं. पाठीवर एकच काळा ठिपका. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकी राहायची पारूआत्याच्या घरी. आत्या रोज सकाळी वाटीभर दूध ठेवायची. "पी गं बाळा," म्हणायची. आणि अंगण झाडायला जायची.

घराच्या मागच्या दाराला खाली एक भोक होतं. लाकूड कुजलं होतं. तुकडा पडला होता. भोक चांगलं मोठं होतं. ठिपकी तिथूनच आत यायची. तिथूनच बाहेर जायची.

एक दिवस त्या भोकातून डोकं आलं. मोठ्ठं डोकं. एक कान फाटलेला. तो होता गल्लीतला कानफाट्या बोका. त्याच्यामागून आला लांड्या बोका. त्याला शेपटी अर्धीच.

दोघं वाटीपाशी बसले.

लप लप लप. लप लप लप.

ठिपकी म्हणाली, "अहो, ते माझं दूध आहे!"

कानफाट्या म्हणाला, "असेल." लप लप.

ठिपकी म्हणाली, "अहो, मला भूक लागलीय!"

लांड्या म्हणाला, "आम्हालाही." लप लप लप.

वाटी कोरडी झाली. बोक्यांनी मिशा चाटल्या. आले तसे भोकातून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठिपकीचं पोट वाजायला लागलं. गुर्र गुर्र. आणि तिला आला राग. असा राग, असा राग, की शेपटी फुगून झाडूएवढी झाली.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली अंगणात पारूआत्याकडे.

"आत्या, आत्या, बोक्यांना हाकल!
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांग!"

आत्या म्हणाली, "नाही गं बाई, हे काही बरं नाही. पण मी किती हाकलू? पुढून हाकलते, मागून येतात. दाराचं भोक आधी बुजायला हवं. सुताराला सांग, फळी ठोक म्हणावं. मग बघते एकेकाला."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली हणमातात्या सुताराकडे. तात्या पाटावर बसून बिडी शोधत होता. बिडी त्याच्याच कानावर होती.

"तात्या, तात्या, फळी ठोका!
भोक बुजेना,
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांगा!"

तात्या म्हणाला, "नाही गं बाई, हे काही बरं नाही. पण फळी कापू कशानं? दातानं? माझी करवत पार बोथट झालीय. तिनं लोणीसुद्धा कापत नाही. गोदामामी लोहारणीकडे पडलीय ती. मामीला सांग, धार लाव म्हणावं. मग ठोकतो फळी."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गोदामामी लोहारणीकडे.

"मामी, मामी, धार लावा!
करवत चालेना,
भोक बुजेना,
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांगा!"

मामी म्हणाली, "नाही गं बाई, हे काही बरं नाही. मेले ते बोके! माझाही बोंबील नेला परवा. पण माझी भट्टी बघ. गार पडलीय. कोळसा संपला. पोतं पडलंय ओढ्यापलीकडे. गाढवाला सांग, कोळसा आण म्हणावं. मग लावते धार."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गाढवाकडे. गाढव डोळे मिटून उभं होतं.

"गाढवदादा, गाढवदादा, कोळसा आण!
भट्टी पेटेना,
करवत चालेना,
भोक बुजेना,
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांग!"

गाढवानं एक डोळा उघडला. "नाही गं बाई, हे काही बरं नाही. पण मला तहान लागलीय. घसा सुकलाय. बघ, ओरडूनसुद्धा दाखवता येत नाही. रहाटाला सांग, पाणी काढ म्हणावं. मग आणतो कोळसा."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली विहिरीवर. विहिरीवर होता लाकडी रहाट. रहाट फिरला की दोर वर येतो. दोर वर आला की बादली वर येते.

"रहाटबाबा, रहाटबाबा, पाणी काढा!
गाढव हलेना,
भट्टी पेटेना,
करवत चालेना,
भोक बुजेना,
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांगा!"

रहाट म्हणाला, "कुंईं. नाही गं बाई, हे काही बरं नाही. पण मी फिरू कसा? कुंईं. तेल नाही, सगळा सुकलोय. मी कुरकुरलो की बाया मलाच बोल लावतात. कुंईं. तेलीणकाकूला सांग, तेल दे म्हणावं. मग काढतो पाणी."

आता मात्र ठिपकी भडकली. चारी पाय आपटले. थड थड थड थड.

"जो तो म्हणतो बरं नाही! मग जो तो 'पण' का म्हणतो?"

रहाट म्हणाला, "कुंईं."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली तेलीणकाकूकडे. काकूकडे होता लाकडी घाणा. घाण्यात शेंगदाणे घालायचे. बैल गोल गोल फिरायचा. मग तेल गळायचं.

"काकू, काकू, तेल द्या!
रहाट फिरेना,
गाढव हलेना,
भट्टी पेटेना,
करवत चालेना,
भोक बुजेना,
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांगा!"

काकू म्हणाली, "नाही गं बाई, हे काही बरं नाही. पण..."

ठिपकी म्हणाली, "बघा! आलंच 'पण'!"

काकू हसली. "अगं, रागावू नकोस. दाणे घातलेत घाण्यात. पण बैल बसलाय रुसून. मी ढकलून बघितलं, गूळ देऊन बघितलं. गूळ खाल्ला आणि पुन्हा बसला. तूच सांग त्याला, चल म्हणावं. मग देते तेल."

ठिपकी निघाली. चार पावलं गेली. तिथंच बैल बसला होता. डोंगराएवढा. त्याच्यापुढं ठिपकी म्हणजे कापसाचं बोंड. पण राग बैलापेक्षा मोठा.

"बैलमामा, बैलमामा, घाणा ओढ!
तेल गळेना,
रहाट फिरेना,
गाढव हलेना,
भट्टी पेटेना,
करवत चालेना,
भोक बुजेना,
बोके हटेनात,
दूध माझं मला मिळेना!
हे बरं आहे का? सांग!"

बैलानं मान वळवली. हळूच. मोठ्ठे डोळे, ओले ओले.

बैल म्हणाला, "नाही गं बाई, हे काही बरं नाही. पण मला खाज सुटलीय. दोन शिंगांच्या मधोमध. शेपटी पोचत नाही. पाय पोचत नाही. भिंतीला घासावं, तर शिंगं आधी लागतात. काल होती, आजही आहे. काकूला कळत नाही. ती गूळ देते. गुळानं खाज जाते का?"

ठिपकी म्हणाली, "खाज? एवढंच?"

"एवढंच," बैल म्हणाला. "पण कुणाला सांगू?"

ठिपकी म्हणाली, "कुणाला नको सांगूस. हे मला येतं!"

ठिपकीनं मारली उडी. टुण्ण! पाठीवर. पाठीवरून खांद्यावर. खांद्यावरून मानेवर. मानेवरून डोक्यावर. दोन शिंगांच्या मधोमध बसली. आणि काढली आपली बारीक बारीक नखं.

खरर खरर खरर.

"हां," बैल म्हणाला.

खरर खरर खरर.

"हां... जरा डावीकडे."

खरर खरर खरर.

"हांऽऽऽ..."

बैलाचे डोळे मिटले. कान लोंबले. खाज गेली. बैल उभा राहिला, आणि ठिपकी त्याच्या डोक्यावरच!

बैल चालला. डुलत डुलत, डुलत डुलत.
घाणा फिरला. कर्र कर्र, कर्र कर्र.
तेल गळलं. टिप टिप, टिप टिप.

काकू म्हणाली, "ने गं, ने तेल. कशात नेशील?"

ठिपकीनं खाली उडी मारली आणि शेपटीचं टोक तेलात बुडवलं. शेपटी वर धरली. पळाली विहिरीवर. रहाटाला तेल माखलं. इकडून माखलं, तिकडून माखलं.

रहाट फिरला. गर गर, गर गर. कुंईं नाही की काही नाही.
पाणी आलं. खळ खळ, खळ खळ.
गाढव प्यालं. घट घट, घट घट. मग मान वर केली आणि ओरडलं. केवढ्यानं ओरडलं! सगळ्या गावानं कानावर हात ठेवले.

गाढव हललं. टप टप, टप टप. ओढ्यापलीकडे गेलं, पोतं घेऊन आलं.
भट्टी पेटली. फुस्स फुस्स, फुस्स फुस्स.
धार लागली. ठण ठण, ठण ठण. मामीनं करवत गाढवाच्या पाठीवर ठेवली आणि ठिपकीला म्हणाली, "ने. आता त्या तात्याला म्हणावं, निमित्त सांगू नकोस."
करवत चालली. खर्र खर्र, खर्र खर्र.

हणमातात्या फळी घेऊन आला. दारापाशी बसला. फळी भोकावर ठेवली. खिळा धरला. हातोडी उचलली.

"थांबा!" ठिपकी ओरडली. "थांबा, थांबा, थांबा!"

"आता काय गं झालं?"

"भोक बुजलं, तर मी कुठून जाऊ? मी कुठून येऊ? बोके दूध प्यायले. आणि दार माझंच बंद? हे बरं आहे का? सांगा!"

तात्यानं हातोडी खाली ठेवली. डोकं खाजवलं. "खरंच की," तो म्हणाला. "हे काही बरं नाही."

या वेळी तो 'पण' म्हणाला नाही.

त्यानं खिशातून सुतळी काढली. "ये, उभी राहा. हलायचं नाही. मिशा सरळ." ठिपकी उभी राहिली. ताठ. तात्यानं सुतळी धरली, या मिशीच्या टोकापासून त्या मिशीच्या टोकापर्यंत. तेवढ्या मापाचं भोक पाडलं त्या फळीला. गोल गोल, भाकरीच्या इवल्याशा चांदकीएवढं. कडा घासून गुळगुळीत केल्या.

मग फळी ठोकली. ठक ठक, ठक ठक.

ठिपकी बाहेर गेली. सुळ्ळकन! ठिपकी आत आली. सुळ्ळकन!

"मापात बसलं की नाही?" तात्या म्हणाला.

पारूआत्या म्हणाली, "बसलं. आता चहा घ्या आणि बिडी बाहेर जाऊन ओढा."

सकाळ झाली. आत्यानं वाटीभर दूध ठेवलं. "पी गं बाळा," म्हणाली. आणि अंगण झाडायला गेली.

आले! कानफाट्या आला. लांड्या आला. कानफाट्यानं भोकात नाक घातलं. नाक गेलं. मिशा वाकल्या. गाल दाबले. आणि डोकं अडकलं!

"ओढ!" कानफाट्या ओरडला.

"ओढतोय!" लांड्या ओरडला.

"शेपटी नको ओढू, गाढवा!"

"मग काय ओढू?"

ओढलं, ओढलं, ओढलं. फट्‌! डोकं सुटलं. दोघं बोके मागच्या दारी उताणे. चारी पाय वर.

समोर अंगणातून धावत आलेली पारूआत्या. हातात झाडू.

"काय रे, लेकराच्या तोंडचं दूध पिता? केवढे झालात, केवढी ती! लाज नाही वाटत? गोदामामीच्या घरात उंदीर नाचताहेत, जा की तिकडे!"

बोके पळाले. कानफाट्या पुढं, लांड्या मागं.

आत ठिपकी होती. वाटी होती. वाटीत दूध होतं. ठिपकीची शेपटी हळूहळू खाली आली. झाडूएवढी होती, ती दोरीएवढी झाली.

तिनं वाटीत जीभ घातली.

लप लप लप.
लप लप लप.

कुणी म्हणालं नाही, असेल.
कुणी म्हणालं नाही, आम्हालाही.

लप.

दूध सरलं, पोट भरलं,
गोष्टीचं दार आता लागलं.