बारा माडांचं अपील

धाकू मयेकराचं पोट ज्या बारा माडांवर चाले, ते मुनसफ टेंब्यांनी दाव्याच्या निकालात खोताला देऊन टाकले. धाकूनं अपील केलं. तोवर टेंब्यांना बढती मिळाली होती आणि संस्थानात अपील ऐकणारे आता तेच एकटे होते.

कागद पाहताच टेंबे गरजले, “माझाच निकाल चुकला, हे मलाच सांगतोस?”

धाकूनं हात जोडले. “सरकार, मी माडावर चढणारा माणूस. खालून सगळे नारळ सारखेच दिसतात. शहाळं कुठलं नि पिकलेला कुठला, ते वर गेल्यावर कळतं. खालून चुकलेल्याला कोणी हसत नाही. वर चढूनही खालचाच अंदाज धरणाऱ्याला मात्र पुन्हा कोणी बोलावत नाही. सरकार, तुम्ही आता वर आलात.”

टेंब्यांनी जमिनीचा नकाशा मागवला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू आपल्या माडावर होता.