गुप्तेआजींची अट

ठाण्याच्या पलीकडे, महापालिकेच्या हायस्कूलला खेटून एक उंच सोसायटी उभी राहिली. तिच्या पहिल्या मजल्यावर गुप्तेआजी एकट्याच राहत. मुलगा परदेशात, आणि शेजाऱ्यांची दारं कायम बंद.

एकदा चेअरमन वर्तकांनी सभा बोलावली. "मधल्या सुट्टीत ही पोरं नुसता धुमाकूळ घालतात. शाळा इथून हलवा, असं आपण महापालिकेला एकमतानं कळवू. हात वर करा!"

सगळ्यांचे हात वर गेले. आजींचा तेवढा गेला नाही.

"आजी, तुमचं कोण शिकतंय तिथे?" वर्तकांनी हसत विचारलं.

"कुणीच नाही. करते मी हात वर, पण एक अट आहे."

"बोला की!"

"पोरांचा चेंडू रोज माझ्या गॅलरीत पडतो. मग ती खालून ओरडतात, 'आजी, आहात का?' दिवसभरात मला एवढंच कुणीतरी विचारतं. शाळा गेली, की ते रोज तुम्ही विचारायचं."

वर्तकांचं घर आजींच्या घराच्या थेट वरच्या मजल्यावर होतं. त्यांनी आधी आपला हात खाली घेतला. हळूहळू सगळे हात खाली आले, आणि शाळेचा विषय तिथेच मिटला.

सभा संपली, तशी माणसं आपापल्या घरी गेली. आजींनीही आपलं कुलूप उघडलं. रविवार होता, शाळा बंद होती.