मक्तबचं माहेर

एकट्या जीवाच्या मौलवी बुऱ्हानांनी सात वर्षं खपून अरबी शब्दकोश लिहिला. अरबी कोळून प्यायल्याचा तोरा मिरवणारे वजीर भर दरबारात गरजले, "म-ची सगळी पानं चाळली. मक्तब, म्हणजे शाळा, एवढा साधा शब्द नाही! फेका हा कोश विहिरीत!"

मौलवींनी शांतपणे क-चं पान उघडलं. "हुजूर, अरबी कोशात शब्द लेकीसारखा माहेरी शोधतात. किताब, कातिब, मक्तब, सगळे क-त-ब, म्हणजे लिहिणं, या मुळाच्या घरी. अरबी कोश एकदा जरी उघडला असता, तरी हे कळलं असतं."

दरबार खदखदून हसला. वजीर चिडून म्हणाले, "शब्दांची घरं सांगता, तुमच्या घरी कोण आहे?"

"कुणी नाही, हुजूर. म्हणून तर सात वर्षं या लेकींना एकेक करून घरी आणत बसलो."